एर्वानच्या दंडावरची पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी पट्टी आहे. पांढरी, चार बोटं रुंद. नुसती पट्टी म्हणून नाक मुरडू नका बरं! मी फुटबॉल कॅप्टनची पट्टी आहे. फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर पोर-मेलेन क्लबात अकरा वर्षं मी एकाच दंडावर मिरवले. तो दंड होता बचावपटू एर्वान त्रेगेरचा.

खेळाडूंचे कपडे सांभाळणाऱ्या मादाम केरव्हेलांनी जुन्या जर्सीची बाही कापून मला शिवलं. एर्वानच्या दंडावर चढवताना त्या म्हणाल्या, "हरवलीस तर पुढची तुझ्या चड्डीतून कापेन, लक्षात ठेव!"

गोल करणाऱ्याचे फोटो छापून येतात, अडवणाऱ्याचे गुडघे फुटतात. एर्वानने अकरा वर्षांत चारच गोल केले, पण अडवले किती, त्याला गणतीच नाही! समोरचा खेळाडू ऑफसाइड, म्हणजे पास मिळण्याआधीच नियमाबाहेर आमच्या बचावफळीच्या पलीकडे गेलेला दिसला, की एर्वान पंचांना दाखवायला डावा हात उंचावायचा. पंचांचं निशाण उठायच्या आत मी उंच गेलेली असायचे. प्रेक्षकांतले कोळी धिरड्यात गुंडाळलेलं सॉसेज खाता खाता ओरडायचे, "पट्टी दिसली रे! जा आता घरी!" माझी छाती फुगून यायची.

याच सवयीने घात केला. एर्वानच्या कारकिर्दीतला शेवटून दुसरा सामना होता. समोरचा एकजण निसटला. एर्वानने हात उंचावला आणि तो जागीच थांबला. पण शिट्टी झालीच नाही. चेंडू जाळ्यात! आम्ही हरलो. आता पुढचा सामनाही हरलो, तर क्लब खालच्या विभागात जाणार होता.

"काय रे, हात दाखवून बस थांबवत होतास का?" गोलकीपर तांगीने सगळ्यांसमोर सुनावलं.

एर्वानने मला दंडावरून उतरवलं. "घे, तूच बांध."

"वा रे वा! घाण तू करायची आणि निस्तरायची मी? ती पट्टी बांध आणि शेवटचा सामना खेळून दाखव."

मला इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

शेवटचा सामना. शून्य-शून्य. दोनच मिनिटं उरली आणि पुन्हा एकजण निसटला. एर्वानचा दंड ताठरला. मला वाटलं, झालं, आता मी वर जाणार! पण हात खालीच राहिला. छत्तीस वर्षांचे ते ठणकणारे गुडघे घेऊन एर्वान जिवाच्या आकांताने पळत सुटला. तांगीला चकवून चेंडू गोलरेषेकडे निघाला होता. एर्वानने अंग झोकून दिलं आणि बुटाच्या टोकाने चेंडू बाहेर फेकला. एर्वान स्वतः गोलच्या खांबावर आदळला, माझी शिवण टरकली. पण क्लब वाचला! तांगी त्याला मिठी मारून ढसाढसा रडला.

क्लबवाले मला काचेच्या कपाटात ठेवणार होते. मादाम केरव्हेला कडाडल्या, "फुलपाखरू आहे का ते, टाचणीने टोचून ठेवायला? आणा इकडे." त्यांनी मला धुतलं, शिवलं आणि नव्या कॅप्टनच्या, म्हणजे तांगीच्या दंडावर चढवलं.

मित्रांनो, तुमच्याही घरी अशी एखादी जुनी वस्तू असेल. उसवली तर शिवा, मळली तर धुवा, पण तिला कामावरून काढू नका. मी हजारदा उंच गेले, टाळ्या घेतल्या. पण मला खरा अभिमान आहे तो त्या एका क्षणाचा, जेव्हा मी खाली राहिले आणि माझा एर्वान पळाला.