बत्तिसावा फॉर्म

दहावीचा वर्ग माझा आणि त्याच वर्गात माझी लेक. शाळेत मी तिचा सर, घरी बाबा. मुलांमधल्या नशेच्या पाहणीचे फॉर्म वाटताना मी मोठ्या रुबाबात म्हणालो, "नाव लिहू नका, पण खरं लिहा. कुणाला काही कळणार नाही."

तासानंतर रिकाम्या वर्गात मोजायला बसलो. एकूण बत्तीस. बरेच जण 'कधीच नाही'वाले. तिघांनी मित्राच्या वाढदिवसाला बिअर चाखलेली. शेवटच्या फॉर्मवर 'पहिल्यांदा कुठे मिळाली?' यापुढे लिहिलं होतं: 'घरी. बाबांच्या बाटलीतून. काढते तेवढा कोरा चहा घालते. बाबांना वाटतं, दुकानदार भेसळ करतो. परवा त्याच्याशी भांडून आले.'

भांडून मीच आलो होतो. "गिऱ्हाईक काय खुळं वाटलं का?" म्हणून चारचौघांत ओरडलो होतो. शिवाय, दारू चढत नाही म्हणून दोनाचे तीन पेग करत होतो. फॉर्मची घडी घातली आणि खिशात कोंबली.

तेवढ्यात मुख्याध्यापिका बाई आल्या. "सर, घरून दारू मिळालेले किती?"

"एकही नाही."

बाई खूश. दुपारी वर्गात येऊन त्यांनी "चांगल्या घरची मुलं" म्हणून कौतुकही केलं. तिसऱ्या बाकावरून लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी फळा पुसायला वळलो. तो पुसलेलाच होता.

शाळा सुटल्यावर फाडायला म्हणून फॉर्म काढला, तर मागची बाजू वाचायची राहिलीच होती. तिथे शेवटचा प्रश्न: 'घरात कुणी रोज दारू पितं का?' तिने लिहिलं होतं, 'नाही.'

स्वतःचं सगळं कबूल केलं पोरीने, आणि मला तेवढं पाठीशी घातलं. इतकी शरम मला जन्मात वाटली नव्हती. मी लाल पेन काढलं, 'नाही'वर काट मारली आणि शेजारी 'हो' लिहिलं.

लेक फाटकापाशी माझी वाट बघत उभी होती. "फाडलात?"

"तपासला." मी कागद तिच्या हातात दिला. तिने तो दोनदा वाचला.

"चल," मी म्हटलं, "आधी घरी जाऊन ती बाटली मोरीत ओतू."

"त्यात आता नुसता चहाच आहे, बाबा," ती म्हणाली आणि तिथेच रडायला लागली.