वाऱ्याच्या तोंडची परात

यंदा रजा पंधराच दिवसांची मिळाली आणि बहारीनमधल्या सनदच्या फ्लॅटमध्ये महायुद्ध पेटलं. अरुणाला मे महिन्यात मालवणला, माहेरी जायचं होतं. तीन वर्षं तिचा मे असाच हुकला होता. आणि तिच्या नवऱ्याला, दत्तप्रसादला, जायचं होतं हिमाचलला. कशाला? तर ट्राउट पकडायला!

आता हा माणूस पुण्याचा. इथं बहारीनमध्ये अस्करच्या कारखान्यात इंजिनीअर. मासा पाहिला तो ताटात, तोही लग्नानंतर. पण यूट्यूबवर कुणीतरी डोंगरातल्या नदीत उभा राहून, चाबकासारखी दोरी फिरवून मासा काढताना दिसला आणि साहेबांना वेडच लागलं. रॉड आला, रीळ आलं, मासे फसावेत म्हणून पिसांच्या खोट्या माश्या आल्या.

"आणि पकडलेला मासा पुन्हा पाण्यात सोडून द्यायचा असतो," त्यानं एकदा सांगितलं.

अरुणानं कपाळावर हात मारला. "मग पकडायचा कशाला? खुशाली विचारायला?"

शेवटी पैज लागली. हिवाळ्यात अर्धं बहारीन वाळवंटात तंबू ठोकतं, तसा यांचाही सखीरला होता. तिथं लांब एक परात ठेवायची. दोरीच्या टोकाची माशी तीनदा परातीत पडली तर हिमाचल, नाही तर मालवण.

सखीरहून जबल दुखान दिसतो. बहारीनमधला सगळ्यात उंच डोंगर. मालवणात त्याला टेंब म्हणतील, नुसतं टेकाड. पाणी म्हणाल तर फक्त पिंपातलं. तरी दत्तप्रसाद शुक्रवारी सकाळी डोंगराकडे तोंड करून गमबूट घालून उभा!

"गमबूट कशाला?"

"सवय व्हायला हवी."

परात मांडायचं काम अरुणानं आपणहून अंगावर घेतलं. केवढी ती सेवा! उत्तरेचा शमाल वारा सुटला होता आणि ती किनाऱ्यावर वाढलेली. वारा कुठून येतो ते तिला गालावर कळतं. "अहो, तिकडे ऊन डोळ्यांवर येईल, असे फिरा," म्हणत तिनं नवऱ्याला उलटं वळवलं आणि परात अशी ठेवली, की सगळा वारा त्याच्या तोंडावर यावा. मग भाजक्या शेंगदाण्यांची पुडी घेऊन खुर्चीत बसली. दत्तप्रसादला काही पत्ता लागला नाही, कारण व्हिडिओत वारा नव्हता.

गळ कुणाला टोचू नये म्हणून त्यानं पिसांच्या माशीऐवजी लाल लोकरीचा गोंडा बांधला होता. पहिली दोरी त्याच्याच गळ्यात पडली. दुसरी तंबूला गुंडाळली. अशा कितीतरी झाल्या. शेवटी वाऱ्यानं गोंडा मागं उडवला, तो थेट शेजारच्या तंबूतल्या जुबैदाच्या चहात.

"नेम चांगलाय," अरुणा म्हणाली, "परात तेवढी चुकली."

"खलास! मालवण," म्हणत दत्तप्रसादनं रॉड खाली ठेवला. त्याचा चेहरा एवढा उतरला, की अरुणाला शेंगदाणा गोड लागेना. तो माफी मागायला जुबैदाकडे गेला आणि अरुणा दोरी गुंडाळायला उठली.

नुसती गुंडाळणारच होती हो! पण रॉड हातात आला आणि हात थांबला. तिचे बाबा किनाऱ्यावर पाग टाकायचे, ते गोल फेकायचं जाळं. ती वाळूत बसून बघायची. दादाला बाबांनी हात धरून शिकवलं. तिनं मागितलं, तर "मुलींचं काम नाही ते," म्हणून उठवून घरी पाठवलं. वारा तोंडावर असला की आडवं, खालून फेकायचं, हे बघून बघूनच तिला पाठ झालेलं.

तिनं रॉड आडवा धरला. दोरी मागं गेली, पूर्ण पसरली, मग वाऱ्याखालून सुटली आणि लाल गोंडा परातीत जाऊन बसला.

"गो बाय माझ्या!"

पुन्हा टाकला. परातीत. तिसऱ्यांदाही परातीत.

"माशाल्ला!" जुबैदा ओरडली. दत्तप्रसाद चहाचा कप घेऊन आ वासून उभा.

"तू कधी शिकलीस हे?"

अरुणाला हसू फुटलं. मालवणला जाऊन ती काय करणार होती? फणस कापणार, भाकऱ्या थापणार आणि संध्याकाळी वाळूत बसून दादाला पाग टाकताना बघणार. पन्नाशी उलटली तरी बघतच बसणार!

"गोंडा तीनदा परातीत पडला ना?" ती म्हणाली. "टाकायचा कुणी, ते कुठं ठरलं होतं? काढा हिमाचलची तिकिटं."

"अगं, पण तुझं माहेर?"

"दादाला मी फोटो पाठवीन. आणि मासा सोडायचा नाही हं, सांगून ठेवते. हळद-तिखट बरोबर घेणार आहे मी."

दत्तप्रसादनं गमबुटांसकट उडी मारली. "मग मला शिकव ना!"

"शिकवते की. आधी परात उचला आणि डोंगराच्या बाजूला ठेवा. नवशिक्यानं वारा पाठीवर घ्यावा."

तो परात घेऊन निघाला, थांबला आणि वळला. "म्हणजे मघाशी ते उन्हाचं जे तू..."

"शेंगदाणे घ्या," अरुणानं पुडी पुढं केली. "आणि रॉड मागू नका. आज तो माझ्याकडे राहील."