डॉक्टरांच्या कानातल्या नळ्या

थोरल्या दिरापुढे, म्हणजे भासऱ्यापुढे, धाकट्या भावाच्या बायकोनं तोंड उघडायचं नाही, अशी नाचणगावातल्या त्या घराची रीत होती. देवकाबाईच्या लग्नाला तेरा वर्षं झाली, पण लक्ष्मणरावांशी ती एक शब्द बोलली नव्हती. तिला त्याचं कधी काही वाटलंही नाही. वाटायला लागलं ते हृदयाची झडप गळू लागल्यावर.

नवरा रूपराव पुलगावच्या गिरणीत, सकाळच्या पाळीला. म्हणून तिला दवाखान्यात न्यायचं काम लक्ष्मणरावांकडे आलं. माणूस सोन्यासारखा. एसटीत तिला खिडकीजवळ जागा मिळवून द्यायचे आणि स्वतः वर्ध्यापर्यंत उभे राहायचे. अशा माणसावर रागावताही येत नाही, हीच तर पंचाईत.

पहिल्या खेपेला, चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात, डॉक्टरांनी इको नावाच्या नव्या मशीनवर तिचं हृदय पाहिलं आणि लक्ष्मणरावांना समजावून सांगितलं. झडप नीट मिटत नाही, निम्मं रक्त मागे फिरतं. ऑपरेशन करावं लागेल, पण घाई नको आणि उशीर तर मुळीच नको. हृदय थकायला लागलं की लगेच करायचं. एकदा पुरतं थकलं, की ऑपरेशनच झेपत नाही.

"आणि एक लक्षात ठेवा," डॉक्टर म्हणाले. "रक्त मागे ढकलायला जोर लागत नाही. त्यामुळे मशीनवर हृदय आहे त्यापेक्षा धडधाकट दिसतं. मला मशीनपेक्षा पेशंटच्या सांगण्याचा भरवसा जास्त. दम लागतो का?"

"नाई साहेब," लक्ष्मणराव अभिमानानं म्हणाले. "बाई सारं काम करते. आमच्या घरात कामाले तिचा हात कोनी नाई धरत."

देवकाबाईनं पदर आणखी पुढे ओढला. दम तिला तेव्हाच लागत होता.

घरी तिनं जाऊबाईंच्या, शकुबाईंच्या, कानावर घातलं. "तुमी सांगा ना त्याईले." शकुबाईंनी सांगितलंही. लक्ष्मणराव म्हणाले, "काम केल्यावर कोन नाई थकत?" रूपरावांनीही दादाला तेच सांगितलं आणि तेच ऐकून गप्प बसले. दादापुढे त्यांचीही मान कधी वर झाली नव्हती.

दिवाळीनंतर दुसरी खेप. या वेळी तिनं मनाशी ठरवलं होतं. तपासायला पडद्यामागे नेलं की तेवढ्यात सांगून टाकायचं. पडद्यापलीकडे लक्ष्मणरावांच्या चपला दिसत होत्या. ती अगदी हळू म्हणाली, "साहेब, मले राती झोपता येत नाई."

डॉक्टरांच्या कानात नळ्या होत्या. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि पुन्हा डोळे मिटून तिच्या छातीतली सळसळ ऐकू लागले. केवढं लक्ष देऊन ऐकत होते! मग नळ्या काढल्या आणि ते पडदा सारून थेट लक्ष्मणरावांकडे गेले.

"काही त्रास?"

"काई नाई साहेब."

रस्ताभर ती खिडकीबाहेर पाहत रडली. पदर पुढे ओढलेला, त्यामुळे कोणाला दिसलं नाही.

तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं, लक्ष्मणरावांनी उत्तर दिलं, डॉक्टरांनी कागद पुढे ओढला. "त्रास नाही ना? मग आता वर्षानं या."

वर्ष! देवकाबाईला ते वर्ष दिसेचना. तिनं पदर मागे सारला.

"साहेब, मी राती भितीले टेकून बसून राह्यतो. आडवं झालं का जीव गुदमरते. पान्याची गुंडी अंगनात तीनदा खाली ठेवा लागते. लय दिवस झाले."

लक्ष्मणरावांनी पहिल्यांदाच तिचा आवाज ऐकला. ते भिंतीकडे पाहू लागले.

डॉक्टरांनी लगेच मशीन लावलं. हृदय फुगलं होतं, आणि आता मशीनवरचा तो वरवरचा जोरसुद्धा उतरला होता.

"मागच्या वेळी का नाही सांगितलंत, बाई?" त्यांचा आवाज चढला. "तेव्हा मी लगेच ऑपरेशनला पाठवलं असतं. आता टेबलावरच काही झालं तर?"

सांगितलं होतं, असं तिच्या ओठांवर आलं. पण भासऱ्यापुढे एका दिवसात किती बोलायचं, तिला कळेना.

"आता काई करता येत नाई का?" लक्ष्मणरावांनी विचारलं.

"गोळ्या वाढवतो. बघू." डॉक्टरांनी मान वर केली नाही.

स्टँडवर एसटी लागली होती. पायरी उंच होती. देवकाबाई दांडी धरून थांबली. लक्ष्मणराव तिच्या शेजारी आले, घसा खाकरला आणि तेरा वर्षांत पहिल्यांदा थेट तिला म्हणाले, "बाई, दम लागून राह्यला का?"

तिची छाती भात्यासारखी हलत होती. पदर मात्र पुन्हा नाकापर्यंत आला होता. आणि त्याच्याआड तिची मान सवयीनं हलली, नाही म्हणून.