नऊ वजनांचं कोडं

वडील तराजू दुरुस्तीच्या कारखान्यात होते. तिथे दर सोमवारी फळ्यावर कोडं लिहिलं जाई. जो सोडवेल तो पुढचं घालणार. बक्षीस काही नाही, नुसता रुबाब.

ते गेल्यावर त्यांची हत्यारं आणायला मी तिथे गेले. फळ्यावर त्यांच्या ताठ अक्षरात शेवटचं कोडं तसंच होतं: दिसायला सारखी नऊ वजनं, त्यांतलं एक वेगळं, तराजू दोनदाच वापरून ते शोधा.

"ताई, काटेकोररावांनी जाता जाता आमची जिरवली बघा," मिस्त्री म्हणाले. वडिलांना तिथे काटेकोरराव म्हणत.

"माझं होतच आलंय," रंगारी म्हणाला.

"महिनाभर तुझं होतच आलंय."

ते कोणालाच सुटणार नव्हतं. लहानपणी हेच कोडं वडिलांनी मला जेवताना घातलं होतं. तेव्हा त्यातलं एक वजन जड होतं. जड की हलकं हेच ठाऊक नसेल, तर दोन खेपांत नऊ वजनांचा निकाल लागत नाही. शेवटी शेवटी त्यांचे शब्द चुकत. आम्ही ते थकव्यावर ढकलत असू.

गप्प बसले असते, तर फळा तसाच राहिला असता. त्यांच्या हातचं एवढं अक्षर घरीही उरलं नव्हतं. पण माणसं विनाकारण डोकेफोड करत होती, आणि वडिलांना ते मुळीच खपलं नसतं.

"कोडं चुकलंय," मी म्हणाले. "एक वजन जड आहे, असं हवं."

"काटेकोरराव चुकले?"

"हो."

मिस्त्रींनी खडू दिला. मी 'वेगळं' खोडून वर 'जड' लिहिलं.

"हात्तिच्या!" रंगारी ओरडला. "तीन-तीन पारड्यांत टाका. जे पारडं खाली जाईल, त्यातली दोन समोरासमोर."

"आणि पारडी सारखी राहिली तर?" मिस्त्रींनी विचारलं.

"तर बाहेरच्या तिघांतली दोन. तीही सारखी निघाली, तर उरलेलं जड."

"ताईंनी तोंडात घास भरवल्यावर सुचलं होय रे!"

मिस्त्रींनी फडकं उचललं आणि माझ्याकडे पाहून थबकले. "राहू दे का थोडे दिवस?"

"एरवी काय करता?"

"सुटलं की पुसतो."

"मग पुसा."

त्यांनी सावकाश, वरून खाली पुसलं. रंगाऱ्याने लगेच नवं कोडं लिहायला घेतलं. त्याचं अक्षर भयंकर होतं. पहिली ओळ लागेपर्यंत मी तिथेच उभी राहिले.