जगनकाकांकडे आलेली माणसं

फुकटात वेबसाइट बनवून देणाऱ्याला लोक शिव्याही फुकटच देतात, हे मी वर्षभरात शिकले. वडखळपलीकडे खाडीकाठी माझं माहेर. तिथला बायकांचा बचतगट मिठागरातलं जाडं मीठ आणि पोह्याचे पापड विकतो. त्यांची साइट मी इथे रोह्याजवळ, वरसे गावात बसून बनवली. इंटरनेटवरची जागा फुकटची, म्हणून अट अशी की दिवसाला ठरावीक एवढीच ये-जा चालणार. ती संपली की रात्री बारापर्यंत साइट बंद.

एप्रिलमध्ये, ऐन पापडांच्या दिवसांत, ती रोज दुपारी एकलाच बंद पडायला लागली. गटाची प्रमुख प्रतिक्षा फोनवर फोन करायची. "गिऱ्हाईक बोलतं दुकान बंद हाय. यो मोसम गेला तं बायका गट सोडून कंपनीत शिफ्टला जातील."

मिठाला मागणी वाढली या समजुतीने मी दोन दिवस हुरळून होते. मग साइटच्या नोंदी उघडल्या. गिऱ्हाइकं आपली पापडांच्या पानावर जात होती, थोडीच. सगळी गर्दी दुसऱ्याच पानावर होती. तिथे जगनकाकांचा व्हिडिओ आहे, साइटवरची सगळ्यात जड वस्तू. तो दिवसातून पन्नास वेळा बघणारा फोन मात्र एकच. मॉडेल ओळखीचं निघालं. माझाच जुना फोन, मी सगुणाकाकीला दिलेला.

जगनकाका माझे चुलते. गेल्या जुलैत वारले. व्हिडिओत ते फळीने मीठ ओढतात, चिमूटभर जिभेवर ठेवतात आणि हसतात. एवढंच.

माझं डोकं फिरलं. काकीचं दुःख मला कळत होतं, पण बारा बायकांची मेहनत पाण्यात चालली होती. व्हिडिओ तिच्या फोनमध्ये टाकायचा आणि साइटवरून काढायचा, असं ठरवून मी रविवारी सकाळची एसटी धरली.

काकी ओटीवरच होती. "आयलीस गो? बस."

मी पाणीही न पिता सुरुवात केली. "काकी, काकांचा व्हिडिओ तुझ्या फोनातच ठेवते. हवा तेवढा बघ. साइट उघडायची गरज नाही."

"त्याला बघाया कोन उघडतं? चाळीस वरसं बघलाय त्याला. मी मानसं बघते." तिने व्हिडिओखाली बोट ठेवलं. तिथे मी हौसेने एक आकडा लावला होता, या पानावर किती जण येऊन गेले त्याचा. तीन हजार नऊशे बारा.

"तो गेला तवा रस्त्यावर पानी," काकी म्हणाली. "भेटाया धा मानसंबी नाय आली. तूबी नाय आलीस." आवाजात राग नव्हता, म्हणून जास्तच लागलं. "दुखवट्याला कोन आला तं घरचं कोनतरी समोर बसाया नको? म्हनून मी सारखी उघडते. आन गंमत बघ, मी उघडते ना, बरोबर तवाच एक जन आलेला असतो."

तिने पान पुन्हा उघडलं. तीन हजार नऊशे तेरा.

"बघ. आला."

तो एक जण म्हणजे तूच, हे सांगायला का मी एवढ्या लांब आले होते?

"दुपारी बंद व्हतं ना, तवा जिवाला बरं नाय वाटत," ती म्हणाली. "कोन दारातनं परत गेला आसंल."

मी चहा घेतला आणि व्हिडिओ न काढताच परत आले. घरी पोचल्यावर दुकानासाठी दुसरी फुकट जागा घेतली, मीठ-पापड तिकडे हलवले, नवा पत्ता प्रतिक्षाला कळवला. जुन्या जागेत काका राहिले, त्यांच्याखाली तो आकडा. तिथली दिवसभराची ये-जा आता सगळी काकीच्या वाट्याला.

मग मी माझ्या फोनवर ते पान उघडलं, पहिल्यांदाच कामाशिवाय. काका मीठ चाखून हसले. जुलैतलं ते पाणी दुसऱ्या दिवशीच ओसरलं होतं. एसटी चालू झाल्या होत्या. तरी मी गेले नव्हते, आज जाते उद्या जाते करत नऊ महिने घालवले होते. मला स्वतःची लाज वाटली.

पाचच मिनिटांत काकीचा फोन आला.

"नमे, आता उघडला, तं आज एकदम दोन वाढलं गो! कोन आला आसंल?"

"मी आले, काकी," मी म्हणाले.