ऐंशी सेकंद

देशिंगकर सरांनी पी.डी. सायन्सच्या, म्हणजे प्री-डिग्रीच्या, वर्गात फिजिक्सचे सहामाहीचे पेपर वाटले, तेव्हा राजमतीला थिअरीची आशा नव्हतीच. व्याख्या लिहायच्या इंग्रजीतून, आणि ती आलेली शिरोळ तालुक्यातल्या मराठी शाळेतून. ‘व्हेलॉसिटी’ आणि ‘स्पीड’ यांतला फरक तिला पक्का कळायचा, पण तो कागदावर उतरवताना शब्द पाय ओढायचे. तिची सगळी भिस्त गणितांवर होती.

पेपर हातात आला. शंभरात बत्तीस. पासाला पस्तीस लागत होते.

जूनमध्ये तिला कोल्हापुरात आत्याच्या घरी सोडताना अप्पा स्टँडवर बोलले होते, “हे बघ, एका इषयात जरी खाली आलीस, तर त्याच एस्टीत बसवून घरला नेनार.” आणि अप्पा, म्हणजे तिचे वडील नेमगोंडा पाटील, एकदा बोलले की बोलले, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं.

तिनं पानं उलटली. सगळी गणितं बरोबर, फक्त पाचव्यावर लाल फुली. पाचापैकी शून्य. तिनं ते गणित तिथल्या तिथं दोनदा तपासलं आणि उभी राहिली.

“सर, पाचवं माझं बरोबर हाय.”

“बत्तीस मार्कं पडलीत, आणि बरोबर हाय म्हणे!” मागून कुणीतरी म्हणालं. वर्ग फिसकन हसला.

देशिंगकर सर वाईट माणूस नव्हते. एकक न लिहिता नुसता आकडा कुणी सांगितला की ते विचारायचे, “ऐंशी काय? ऐंशी म्हशी?” त्यांच्या वर्गात एकक विसरायची कुणाची हिंमत नव्हती. त्यांनी तिचा पेपर हातात घेतला.

“ऐंशी सेकंद. म्हणजे म्हशी नाहीत एवढं तरी कळलं. पण उत्तर चूक आहे. शंभर सेकंद पाहिजे.”

ते फळ्याकडे वळले. नदी दोनशे मीटर रुंद. पाण्याचा वेग सेकंदाला दीड मीटर, नावेचा अडीच. कमीत कमी वेळात पैलतीर गाठायचं, तर किती वेळ लागेल? सरांनी नावेचा बाण प्रवाहाच्या उलट, तिरका काढला. प्रवाहाचा बाण त्याला जोडला. दोन्ही मिळून तिसरा बाण नदीला काटकोनात उभा राहिला. “वेग दोन. दोनशे भागिले दोन, शंभर. नाव वर धरायची, म्हणजे ती बरोबर समोर जाते. सगळ्यात जवळचा रस्ता.”

“जवळचा हाय सर, पण लवकरचा न्हाय,” राजमती म्हणाली. “नाव वर धरली की अडीचाचे दोनच उरले. तोंड सरळ समोर ठेवलं, तर पाणी खाली नेतंय, पण रुंदी कापायला अख्खे अडीच मिळतात. दोनशे भागिले अडीच, ऐंशी.”

“आणि लागशील कुठं? एकशेवीस मीटर खाली! तिथनं घाटावर चालत येणार का?”

“घाट प्रश्नात न्हाय, सर.”

“पोहत या, पाटलीणबाई!” मागच्या बाकावरून आवाज आला. ह्या वेळी हशा मोठा होता. तिनं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

सरांचा चेहरा तांबडा झाला. “मी नदीकाठच्या वाडीचा आहे. घाटाच्या पायऱ्यांवर वाढलोय. नाव वर धरली नाही तर काय होतं ते लहानपणापासून बघतोय. नदी मला शिकवतेस?”

“मी बी काठावरचीच हाय, सर.”

“बाहेर हो. आणि उद्या वडिलांना घेऊन ये. नापासाच्या कार्डावर त्यांची सही लागते.”

ती बाहेर गेली. पण जाताना सरांच्या हातातला पेपर मागून घ्यायला विसरली नाही.

दुसऱ्या दिवशी दहाच्या एस्टीनं अप्पा आले. स्टाफरूममध्ये ते खुर्चीच्या कडेवर अवघडून बसले. सर कुठले ते कळलं आणि त्यांचा चेहरा उजळला. “वाडीचं व्हय तुमी? म्हंजे आमच्या शेजारचंच की!” सरही मोकळे झाले. त्यांनी गणित समजावून सांगितलं आणि विचारलं, “सांगा पाटील, नाव कशी धरायची?”

“वरच धरायची की! त्यात काय इचारायचं?”

“ऐकलंस?” सर म्हणाले.

कालपर्यंत एकच जण विरुद्ध होता, आता दोघे झाले. पण राजमती मागं हटली नाही.

“अप्पा, दोन सालांमागं पुरात तुम्ही पलीकडच्या मळ्यात बैल सोडवायला गेलता. तवा नाव वर धरलीती?”

“खुळी का काय तू?” अप्पा खेकसले. “पान्याला वड असताना वर कोन धरतंय? निम्मा जोर भांडन्यातच जातोय. तोंड समोर केलं आन् मारली वल्ही. चांगली चार शेतं खाली लागली नाव. लागंना! मला आदी काठ गाठायचा हुता. बैलं बुडाय लागल्याली, घाट कुनाला...”

बोलता बोलता अप्पा थांबले. त्यांनी सरांकडे पाहिलं. सर तिनं पुढं ठेवलेल्या पेपरकडे पाहत होते. त्यांनी समासात पेन्सिलीनं काहीतरी मांडलं, खोडलं, पुन्हा मांडलं.

“चाळीस मुलांना शंभर सेकंदांवर मी पाच पाच मार्क दिलेत,” अखेर सर हळू आवाजात म्हणाले. “आता सगळे पेपर परत मागू?”

“मागा की, सर.”

“बोलायला सोपं आहे. प्रिन्सिपॉलांना काय सांगू? असं कर. तुला तीन मार्क ग्रेस देतो. पस्तीस. पास झालीस, विषय मिटला.”

अप्पांनी सुस्कारा सोडला. “घे गं बाई. सर द्यायला लागल्यात.”

एवढं ‘हो’ म्हटलं की सगळं सुरळीत होणार होतं. आत्याचं घर, कॉलेज, गणितं, सगळं राहणार होतं.

“नको सर. ग्रेस चुकलेल्याला देतात. मी चुकलो न्हाय. ऐंशी बरोबर असंल तर पाच द्या. नसंल तर बत्तीसच ऱ्हाऊ द्यात.”

“नापास राहशील.”

“ऱ्हातो.”

मग ती वडिलांकडे वळली. खरी भीती तिथंच होती. “अप्पा, तुम्ही म्हणालेला, एस्टीत बसवून नेणार. न्या. पण ह्या बत्तिसाच्या कार्डावर सही करून न्या. भीक घातलेल्या पस्तिसावर करू नका.”

अप्पा तिच्याकडे बघत राहिले. ह्या पोरीला आपण जूनमध्ये इथं सोडलं, तेव्हा ती खाली मान घालून उभी होती, एवढंच त्यांना आठवत असावं. त्यांनी कार्ड पुढं ओढलं, सरांचं पेन मागून घेतलं आणि लाल शाईतल्या ‘नापास’च्या खाली, एकेक अक्षर जपून काढत सही केली.

“सर, पोरगी नापास हाय. मला मान्य हाय,” पेन परत देत ते म्हणाले. “पर ती हितनं हलनार न्हाय. माझा सबुद मी मोडला म्हना. वार्षिकला तुमीच पेपर काढा, आन् असलंच गनित घाला.”

सरांनी कार्ड घेतलं. पेनाचं टोपण त्यांनी लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

तासाची घंटा झाली. पुढचा तास त्यांचाच होता. राजमती अप्पांच्या पाया पडली, पुस्तकं उचलली आणि सर खुर्चीतून उठायच्या आत जिना चढून मुलींच्या पहिल्या बाकावर जाऊन बसली.