तिसरा गाल

पार्बताबाईचं डोकं सकाळपासूनच तापलं होतं. नवरा पुन्हा बैल सोडून भावाकडे निघाला होता.

"कुठं नेऊन राहिले चांद्याले?"

"दादाच्या मोटेले," देवीदास म्हणाला. "कोनी मागतलं त नाई म्हनू नये, असं शास्त्रात हाय."

"आन् आपली वांगी?"

देवीदास नुसता हसला. त्याच्या या हसण्यानंच तिच्या अंगाची लाही व्हायची.

हिवरखेडच्या त्या मळ्यातली विहीर दोघा भावांची. थोरल्या किसनरावाचा एक बैल, धाकट्या देवीदासाचा एक; दोन्ही जुंपले तरच मोट चालायची. दुपारपर्यंत धाकट्याची पाळी, मग थोरल्याची, अशी बापानं लावून दिलेली रीत. पण पोळ्यानंतर देवीदास-पार्बताबाईंनी अकोल्याच्या मिशनमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि किसनरावानं जाहीर केलं, की किरिस्तावाचा हात लागला तर पाणी बाटते. यांची पाळी बंद. बैल मात्र रोज पाहिजे! काय म्हणावं या माणसाला? बाजारात तर "साहेबाचे जावई आले" म्हणून लोक सडकी वांगी फेकत, आणि देवीदास टोपी झटकून म्हणे, "देव तुमचं भलं करो."

येशू पार्बताबाईलाही प्यारा होता. त्याच्यापायी आईनं तिच्या तोंडावर दार लावलं, तरी ती मागं फिरली नाही. पण वांगी वाळवा असं येशूनं कुठं सांगितलं, हे पाद्रीसाहेबालाही दाखवता आलं नसतं. तीन आठवडे नाल्यावरून घागरी वाहून तिची कंबर मोडली होती. झाडं फुलावर आलेली. आणखी दोन दिवस कोरडे गेले की सगळं मातीत.

"द्या इकडं!" तिनं दोर हिसकला. "आज मी नेतो."

विहिरीवर किसनराव उभाच होता. भासऱ्याशी, म्हणजे थोरल्या दिराशी, बोलायची रीत नाही. पार्बताबाईनं पदर नाकापर्यंत ओढला आणि बैलाशीच बोलायला लागली, मळाभर ऐकू जाईल अशा आवाजात.

"चांद्या, इचार मोठ्या मालकाले. तू किरिस्तावाचा कडबा खातं, किरिस्तावाच्या हातचं पानी पेतं. मंग तू काहून नाई बाटला रे बाबू?"

"जनावराले धर्म नसते," किसनराव गुरगुरला.

"चांद्या, सांग त्यायले, दुपारपर्यंत आमचं पानी, मंग त्यायचं. कबूल नसन त तू घरी चाल. एका बैलावर मोट वढा म्हना!"

किसनरावानं आपल्या मिरचीकडे पाहिलं. एक दिवस पाणी चुकलं, की तीही माना टाकणार होती. तरी टोमणा मारल्याशिवाय त्याला राहवलं नाही.

"तुमचा येशू त दुसरा गाल पुढं करा म्हन्ते ना?"

"दोन्ही गाल देऊन झाले, चांद्या! तिसरा देवानं देल्लाच नाई!"

तेवढ्यात देवीदास धापा टाकत आला. झालं! आता हा भला माणूस माफी मागणार, दोर भावाच्या हातात देणार, आणि वांग्यांचं वाटोळं करणार.

"दादा," देवीदास म्हणाला, "माह्या मनात तुह्याबद्दल काई नाई. तुले रोज माफ करतो, उद्या बी करीन. पन पानी दोघायचं हाय." आणि त्यानं फावडं उचलून पाण्याचा दांड आपल्या वाफ्यांकडे फोडला.

पार्बताबाईनं दोन्ही बैल जुंपले.

किसनराव पाय आपटत बांधावर गेला, पण आपला बैल सोडून नेला नाही. मोटेचं पहिलं पाणी वांग्यांत शिरलेलं पाहून त्याच्यानं राहवेना. तो जिवाच्या आकांतानं ओरडला, "अबे ए किरिस्तावा!"

देवीदासानं मान वर केली आणि खणखणीत ओ दिली.

"हो दादा! दुपार झाली का हाक मारतो. मंग तुही पाळी!"